गोळ्या, अंतरा, छाया बंद केल्यावर पाळी लांबते: दिवस राहण्यासाठी किती थांबायचं, काय तपासायचं?

सातपुडा_आशा (चोपडा तालुका)

नमस्कार. गावात हल्ली एकच प्रश्न चार तोंडांनी येतोय, म्हणून इथे एकत्र विचारते.

पहिली बाई माला-एन ही पाळणा लांबवायची रोजची गोळी दोन वर्षं घेत होती. पाकीट संपवलं, पाळी आली, त्याला आता ५२ दिवस झाले आणि पुढे काहीच नाही. दुसरीने अंतराची, म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायची, चार इंजेक्शनं घेतली. शेवटचं दिवाळीच्या आधी, म्हणजे आठ महिने झाले. कधी नुसता डाग दिसतो, कधी तेही नाही. तिसरीने छाया ही आठवड्याची गोळी बंद केली, तिची पाळी ४०-४५ दिवसांवर गेली आहे. चौथीने तांबी काढून पाच महिने झाले, पण तिची पाळी तांबीच्या आधीपासूनच दोन-दोन महिन्यांनी येते. चौघीही तिशीच्या आतल्या. चौघींच्या घरी बोलणं एकच, "गोळ्यांनी पिशवी सुकली." मग मेडिकलवरून पाळी यायच्या गोळ्या आणायची घाई.

कोणाला किती थांबायला सांगू? कुठली तपासणी कोणत्या दिवशी? शिवाय दोघींचे नवरे सुरतला कामाला आहेत, महिन्यातून चार-पाच दिवस घरी येतात. त्यांना काय सांगायचं?

---

उपकेंद्र_सिस्टर (यावल)

आशाताई, पिशवी सुकत नाही, हे सगळ्यांत आधी सासूबाईंच्या समोर सांगा. यातल्या एकाही साधनाने कायमचं वंध्यत्व येत नाही. पण साधन कोणतं होतं त्यावर थांबण्याची मुदत बदलते, म्हणून चौघींना एकच उत्तर देऊ नका.

आणि मुदतीचं बोलायच्या आधी चौघींची लघवीची तपासणी करा. बीज सुटतं पाळीच्या आधी, साधारण चौदा दिवस. त्यामुळे साधन बंद केल्यावर पहिली पाळी यायच्या आतच दिवस राहू शकतात, आणि "पाळीच आली नाही तर गर्भ कसला" म्हणत बाई तिसऱ्या महिन्यापर्यंत येते. तुमच्याकडे निश्चय किट असेलच. सकाळची पहिली लघवी, किटच्या खिडकीत ड्रॉपरने तीन थेंब, पाच मिनिटांनी वाचायचं. अर्ध्या तासानंतर उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. पाळीची तारीखच ठाऊक नसेल तर शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजून तपासणी करा, त्याआधीच्या निगेटिव्हवर भरवसा नको. निगेटिव्ह आली आणि तरी पाळी नाही, तर आठ दिवसांनी परत.

आता एकेक. माला-एनच्या पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि ७ तपकिरी लोहाच्या. तपकिरी सुरू असताना जो रक्तस्राव होतो तो हार्मोन थांबल्यामुळे. ती खरी पाळी नव्हेच. म्हणजे तुमच्या पहिल्या बाईला पाकीट संपताना जी आली ती मोजणीत धरूच नका. खरी पाळी त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी अपेक्षित असते, कोणाला दोन-तीन महिने लागतात. ५२ दिवस म्हणजे घाबरण्यासारखं नाही. गोळ्या थांबवून तीन महिने पूर्ण झाले आणि पाळीही नाही, गर्भही नाही, तर डॉक्टरांकडे. "शरीरातून गोळ्या निघून जायला तीन महिने थांबा, मग प्रयत्न करा" असं सांगितलं जातं, त्याची गरज नाही. लगेच दिवस राहिले तरी बाळाला अपाय नाही. तारीख मोजायला जरा अवघड जातं एवढंच, ते पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने कळतं.

अंतराचं गणित निराळं. औषध स्नायूत साठून हळूहळू सुटतं. तीन महिन्यांचा असर संपला तरी बीज सुटायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी सात ते दहा महिन्यांनी दिवस राहतात, काहींना त्याहून जास्त लागतात. मोजणी अंतराच्या कार्डावरच्या शेवटच्या तारखेपासून करायची, "बंद करायचं ठरवलं" त्या दिवसापासून नाही. बायका इथेच चुकतात. तुमच्या दुसऱ्या बाईला आठ महिने झालेत, म्हणजे ती अजून मुदतीत आहे. बारा महिन्यांपर्यंत धीर धरायला हरकत नाही. मात्र पस्तिशी ओलांडलेली असती तर एवढं थांबू नका असंच सांगितलं असतं. आणि पुढच्यांसाठी: ज्या बाईला वर्षभरात मूल हवंय तिला अंतराचं पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी हे स्पष्ट सांगा. ती निरोध किंवा माला-एनवर जाऊ शकते.

छायामध्ये स्त्री-संप्रेरक नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा अशी ती असते. घेत असतानाच काहींची पाळी लांबते. बंद केल्यावर अंतरासारखी ओढाताण होत नाही. तिसऱ्या बाईची पाळी तीन महिन्यांनीही ४० दिवसांच्या पुढेच राहिली तर दोष छायाला न देता दुसरं कारण शोधा.

तांबीत हार्मोन अजिबात नाही. काढल्यापासून दिवस राहू शकतात. चौथीची दोन महिन्यांनी येणारी पाळी तांबीची नाही, तिची स्वतःची आहे. तिला आजच पाठवा.

---

स्त्रीरोग_धुळे

सिस्टरांनी पाया घातलाय, मी चौथ्या बाईपासून सुरू करतो, कारण खरी चुकामूक तिथेच होते.

"वर्षभर प्रयत्न करा, मग या" हा नियम पाळी नियमित असणाऱ्या, पस्तिशीच्या आतल्या जोडप्यासाठी आहे. पस्तिशीपुढे सहा महिने. आणि ज्या बाईची पाळी ३५ दिवसांपेक्षा सतत लांब आहे तिला हा नियम लागूच नाही. वर्षात सहाच पाळ्या येत असतील तर बीज फार तर सहा वेळा सुटतं, कदाचित एकदाही नाही. तिला वर्षभर बसवून ठेवणं म्हणजे तिचं वर्ष वाया घालवणं.

अशा पाळीचं सर्वाधिक दिसणारं कारण पीसीओडी, म्हणजे संप्रेरकं बिघडून अंडाशयातलं बीज वेळेवर न सुटण्याचा आजार. चेहऱ्यावर, हनुवटीखाली राठ केस, मुरमं, मानेवर काळी मखमली घडी, कमरेचा वाढता घेर, हे बघा. सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र एकच आहे: "गोळ्या सुरू करायच्या आधी, लग्नाआधी, पाळी कशी होती?" माला-एन घेताना दर २८ दिवसांनी रक्तस्राव होतो, म्हणून बाईला वाटतं आपली पाळी नियमित आहे. गोळी थांबली की जुना आजार जसाच्या तसा समोर येतो आणि नाव गोळीवर पडतं. गोळीने तो केला नाही, झाकला होता. तिसऱ्या बाईलाही हा प्रश्न विचाराच. पीसीओडी असलेल्या बाईला मुळात छाया देऊ नये असं आहे.

सगळ्यांनाच पीसीओडी असतो असंही समजू नका. सातपुड्याच्या पट्ट्यात ३८-४० किलोच्या, दिवसभर राबणाऱ्या, एकवेळ धड न जेवणाऱ्या बायकाही येतात. शरीराकडे शिल्लकच नसेल तर मेंदू बीज सोडायचा हुकूम देत नाही. तिला वजन कमी करा हा सल्ला दिला तर नुकसान होईल. तिला पोटभर जेवण, डाळ, अंडी, शेंगदाणे आणि रक्ताची तपासणी. आणि अंगावर पाजत असेल तर पाळी लांबणं स्वाभाविक आहे, हेही विचारून घ्या. मूल दीड वर्षाचं असलं तरी रात्री पाजणं सुरू असतं आणि बाई ते सांगत नाही.

वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. ७० किलोच्या बाईला साडेतीन किलो. हे साध्य होणारं आहे. कळण्याची भाकर, पालेभाजी, वरण रोज चालेल. वरण-बट्टी तुपात बुडवून रोज नको. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, घाम येईल असं चालणं.

उपचारात आज पीसीओडीसाठी पहिली पसंती बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोल गोळीला आहे. साधारण २.५ मिलिग्रॅम रोज, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांपासून पाच दिवस, मग दहाव्या दिवसाच्या आसपास सोनोग्राफीने बीज केवढं वाढलं ते बघायचं. १८ ते २० मिलिमीटरच्या पुढे गेलं की फुटायच्या बेतात. ही गोळी शेजारणीच्या चिठ्ठीवर घ्यायची नाही. दिवस आधीच राहिलेले नाहीत याची खात्री करूनच ती सुरू होते, आणि नवऱ्याचा रिपोर्ट न बघता महिनोन्‌महिने देत राहण्यात अर्थ नाही.

---

औषधविक्रेता_अमळनेर

काउंटरच्या अलीकडून तीन गोष्टी सांगतो, कारण गोंधळ इथून सुरू होतो.

पाळी "आणायची" गोळी आणि पाळी "पुढे ढकलायची" गोळी, दोन्हीकडे एकाच जातीचं हार्मोन असतं. श्रावणात कानबाई बसायच्या आठवड्यात पुढे ढकलायच्या गोळीची मागणी एकदम वाढते, कारण रोटांच्या दिवशी अडचण नको असते. नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून, अशी ती घेतली जाते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. दिवस राहण्याचा प्रयत्न करणाऱ्या बाईने ती घेऊ नये. ज्या पंधरवड्यात ती घेते त्याच पंधरवड्यात गर्भ रुजलेला असू शकतो, आणि गोळीमुळे थांबलेली पाळी आणि गर्भामुळे थांबलेली पाळी यातला फरक तिला कळत नाही. घरात सणाची अडचण असेल तर ती घरातल्यांशी बोलून सोडवलेली बरी.

७२ तासांच्या गोळीचंही तसंच. तिने त्या महिन्याची पाळी आठवडाभर मागे-पुढे होते. साधन बंद केल्यावर "या महिन्यात नको, पुढच्यात" म्हणून मध्येच ती घेतली असेल तर तो महिना हिशेबात धरू नका.

तिसरी गोष्ट कोणी विचारतच नाही. ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. पाजणाऱ्या बाईच्या अंगात वाढतं तेच संप्रेरक, आणि ते वाढलं की पाळी लांबते, कधी छातीतून दुधासारखं पाणीही येतं. बायका महिनोन्‌महिने ही कॅप्सूल खातात. पाकिटाच्या मागचं नाव वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही असंच होतं, पण त्या कोणीही मनाने बंद करू नयेत.

फॉलिक ॲसिड मात्र आजपासून. ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या निदान एक महिना आधीपासून, तीन महिने मिळाले तर उत्तम. दुकानात सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती बारा पटींहून मोठी आहे. मधुमेह, फिटची औषधं, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर ती मोठी मात्रा देतात. बाकीच्यांना लहान पुरते.

---

स्त्रीरोग_धुळे

दादांच्या पहिल्या मुद्द्यात भर. पाळी आणायची गोळी आम्हीही लिहितो, पण गर्भ नाही हे तपासून. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज, पाच ते दहा दिवस. बंद केल्यावर आठवड्याभरात स्राव यायला हवा. आला तर पिशवीचं अस्तर तयार होतं, बीज सुटत नव्हतं, असा अर्थ. आला नाही तर तीच गोळी पुन्हा देत बसायचं नाही, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच (बीज वाढवणारं संप्रेरक) बघायचं. आणि हा स्राव आला म्हणजे बीज सुटलं असं होत नाही. दर महिन्याला मेडिकलवरून गोळी आणून पाळी काढणारी बाई कॅलेंडर नियमित करते, गर्भाची शक्यता वाढवत नाही.

---

लॅब_भुसावळ

तपासणीचा दिवस चुकला की पैसे पाण्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

एफएसएच आणि एलएच (बीज सुटायचा इशारा देणारं संप्रेरक) पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. पाळीच येत नसेल तर कुठल्याही दिवशी घेतात, पण चिठ्ठीवर "पाळी नाही, शेवटची अमुक तारखेला" असं लिहून आणा. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, केव्हाही चालते. मात्र केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, त्यांच्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं.

प्रोलॅक्टिन उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून. पहाटेच्या एसटीने उभ्याने धक्के खात येऊन थेट हात पुढे केला तर आकडा वाढलेला येतो. किंचित वाढलं असेल तर घाबरू नका, परत करून बघतात.

"एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन" या नावाने बरीच फसगत होते. एकविसावा दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी. खरा नियम पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी असा आहे. ३५ दिवसांची पाळी असेल तर २८वा दिवस, ४२ ची असेल तर ३५वा. आकडा ३ नॅनोग्रॅमच्या वर आला की बीज सुटलं असं धरतात. ४२ दिवसांच्या बाईचं एकविसाव्या दिवशी घेऊन "बीज सुटत नाही" असा शिक्का मारणं चूक आहे.

नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करा. आठ महिने बाईच्या सोनोग्राफ्या चालतात आणि नवऱ्याचा एक नमुना झालेला नसतो, हे फार अन्यायाचं आहे. दोन ते सात दिवस संबंध नको, नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा तर तासाच्या आत आणि अंगाच्या उबेत. रावेरहून जळगावला निघालात तर तासात पोचणं होत नाही. कंडोममध्ये आणलेला नमुना चालत नाही, त्यातल्या औषधाने शुक्रजंतू मरतात. मिलिलिटरला १६ दशलक्ष ही खालची मर्यादा आहे, हालचाल ४२ टक्के. एक रिपोर्ट खराब आला तर निकाल लावू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यात ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. गुटखा, तंबाखू, दारू बंद करून तीन महिन्यांनी परत.

---

सातपुडा_आशा

खूप मदत झाली. सुरतवाल्यांचं राहिलं. पाळी ४० दिवसांची, नवरा चार दिवस घरी. दिवस कसे ओळखायचे? आणि आमच्याकडे पावरा, भिल्ल वस्त्या आहेत, सिकलसेलचं केव्हा बघायचं?

---

उपकेंद्र_सिस्टर

नवरा घरीच असता तर सांगणं सोपं होतं: दर दोन-तीन दिवसांनी संबंध, तारखा विसरा. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज मात्र बारा ते चोवीस तास. म्हणून उपयोगाचे दिवस बीज सुटायच्या आधीचे पाच आणि तो एक.

सुरतवाल्यांसाठी अंगावरून जाणाऱ्या पाण्याची खूण शिकवा. पाळी गेल्यावर काही दिवस कोरडं, मग चिकट, पांढरट, आणि बीज जवळ आलं की कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, पारदर्शक, गुळगुळीत. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब करा, न तुटता तार निघते. ती तार दिसायला लागली की त्याच दिवशी सुरतला फोन. वाट बघत बसलं तर दोन दिवसांत ते पुन्हा घट्ट होतं. खाज, वास, दह्यासारखं पांढरं असेल तर ती खूण नाही, संसर्ग आहे, दाखवायला पाठवा.

लघवीची ओव्हुलेशन किट वापरायची तर सर्वांत छोट्या चक्रातून १७ वजा करा. ३४ दिवसांचं असेल तर १७व्या दिवसापासून रोज. सकाळची पहिली लघवी नको, दहा ते रात्री आठच्या मध्ये एकाच वेळी, आधी दोन तास पाणी कमी. टेस्टची रेघ कंट्रोलच्या रेघेएवढी किंवा जास्त गडद झाली तर २४ ते ३६ तासांत बीज सुटायचं. गर्भतपासणीत पुसट रेघही चालते, इथे चालत नाही, हा फरक समजावून सांगा. पीसीओडी असेल तर एलएच आधीच चढलेलं असतं आणि किट रोजच पॉझिटिव्ह दाखवते. तिच्यासाठी हा खर्च वाया आहे, तिने सोनोग्राफीच करावी.

तापमान मोजायचा तक्ता आपल्याकडे मे महिन्यात सांगू नका. फरक अर्ध्या अंशाहून कमी असतो, आणि गच्चीवर उकाड्यात झोपमोड झाली की तो हरवतो.

---

स्त्रीरोग_धुळे

सिकलसेल दिवस राहायच्या आधी, आणि दोघांचंही. साधी सोल्युबिलिटी तपासणी पॉझिटिव्ह आली तर वाहक (दोष अंगात आहे पण आजार नाही) आहे की रुग्ण हे त्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. आरोग्य केंद्रातून नमुना पुढे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, हे आधी कळलं तर लवकर तपासणीचा मार्ग मोकळा राहतो. बाई स्वतः रुग्ण असेल आणि सिकलसेलची हायड्रॉक्सियुरिया गोळी घेत असेल तर प्रयत्न सुरू करायच्या आधी भेट हवीच. ती गोळी मनाने चालू ठेवायची नाही आणि मनाने बंदही करायची नाही.

आणखी एक, आशाताई. पाळी अनियमित असणाऱ्या बाईला पोटात एका बाजूला सतत दुखतंय, डाग जातोय, चक्कर येतेय किंवा खांद्यात कळ येतेय, तर "पाळी येत असेल" म्हणून घरी ठेवू नका. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. लघवीची तपासणी जागेवर करा, आणि पॉझिटिव्ह असो वा शंका, १०८ ला फोन करून थेट सोनोग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. तासाला एक पॅड भिजत असेल तरीही तसंच.

---

सातपुडा_आशा

पहिलीची तपासणी आज केली, निगेटिव्ह आहे. पुढच्या गुरुवारी परत करते. चौथीला आणि तिच्या नवऱ्याला सोमवारी जिल्हा रुग्णालयात नेते. दुसरीचं अंतराचं कार्ड पेटीत सापडलं. शेवटची तारीख दिवाळीची नाही, पोळ्याच्या आसपासची निघाली. म्हणजे आठ नाही, दहा महिने झालेत.

---

उपकेंद्र_सिस्टर

म्हणूनच कार्ड. दहा झाले असतील तर फॉलिक ॲसिड सुरू ठेवा, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा लघवी तपासा, आणि बारा महिन्यांची तारीख आत्ताच तिच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. त्या आठवड्यात तिला घेऊन या, टीएसएच आणि प्रोलॅक्टिनची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घेऊ.